घराची राखण : कुलूप, कायदा आणि शेजार

पुण्याच्या पश्चिमेस टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले कोथरूड हे एके काळी शेतीवाडीचे लहानसे गाव होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांची वाताहत झाली आणि त्यानंतर शहराची वस्ती उंचावरील मोकळ्या जमिनींकडे अधिक वेगाने सरकू लागली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना येथे उभा राहिला. कर्वे रस्ता व पौड रस्ता यांच्या दोन्ही अंगांना सहकारी गृहरचना संस्थांचे बंगले आले, पुढे बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि ६ मार्च २०२२ पासून वनाझ येथून मेट्रोही धावू लागली. अवघ्या दोन पिढ्यांत झालेला हा पालट केवळ रस्ते व इमारती यांच्यापुरता मर्यादित नाही. घराची राखण कोणी व कशी करावयाची, या प्रश्नाचे जुने उत्तरही त्याबरोबर बदलून गेले आहे.

पेठांतील वाड्याला भक्कम दरवाजा असे. रात्री तो लावून आतून आडवा अडसर सरकविला जाई आणि उशिरा येणाऱ्यासाठी दरवाजातील लहानशी दिंडी तेवढी उघडली जाई. तथापि, वाड्याची खरी राखण अडसरापेक्षा माणसे करीत. अनेक बिऱ्हाडे, ओसरीवर बसलेले वृद्ध आणि चौकात खेळणारी मुले यांमुळे परका मनुष्य दिंडीतून आत आला की “कोण पाहिजे?” असा प्रश्न त्याला सहजच विचारला जाई. आजच्या सदनिकेचे दार वाड्याच्या दारासारखे भक्कम असेलही. परंतु पती-पत्नी नोकरीला, मुले शाळेत आणि समोरच्या दारामागे कोण राहते याची माहिती नाही, अशा स्थितीत ते दार दिवसभर एकटे असते. घरफोडी करणारा याच एकटेपणाचा शोध घेत असतो.

घरफोडीत जाते ते केवळ सोनेनाणे नव्हे. निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची शिल्लक, मुलीच्या लग्नासाठी जमविलेले दागिने, आईची आठवण म्हणून जपलेली एखादी वस्तू हे सारे काही मिनिटांत नाहीसे होते. त्याहूनही मोठी हानी म्हणजे आपल्याच घरात निर्धास्तपणे झोपण्याची सवय हरपते. म्हणूनच या विषयाचा विचार कुलपांच्या खरेदीपुरता न करता समग्रपणे करावयास हवा.

राखणीची जुनी व्यवस्था

महाराष्ट्रातील खेड्यांत गावाच्या राखणीचे काम पूर्वी अनेक ठिकाणी रामोशी समाजाकडे असे. रात्री गस्त घालणे, गावात आलेल्या-गेलेल्यांवर नजर ठेवणे आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढणे ही त्याची कर्तव्ये होती. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवून दिला तर जबाबदारी त्या गावाकडे जाई. अन्यथा नुकसानीची भरपाई करण्याचा प्रश्न राखणदारापुढे उभा राही. या व्यवस्थेत दोषही होते. परंतु एका घरात झालेली चोरी ही साऱ्या गावाची बाब आहे, हे तत्त्व तीत गृहीत धरलेले होते.

ब्रिटिश अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करण्यात आला आणि पुढे देशातील अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्यात आला. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचाही समावेश आहे. ज्यांनी गावे राखली, त्यांच्याच नावाभोवती संशयाचे वलय उभे राहावे, ही इतिहासातील मोठी विसंगती होय. चोरांपासून संरक्षणाचा विचार करताना तिचे स्मरण ठेवणे का आवश्यक आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

कायद्याने सांगितलेल्या सहा वाटा

घर कोठे कच्चे असते, हे समजून घेण्यासाठी कायद्याचेच पुस्तक उपयोगी पडते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या देण्यात आली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये तीच व्याख्या कायम ठेवण्यात आली आहे. घरात शिरण्याच्या किंवा तेथून निसटण्याच्या सहा वाटा तीत सांगितल्या आहेत. पहिली, चोराने स्वतः पाडलेली वाट, उदाहरणार्थ भिंतीला पाडलेले भगदाड. दुसरी, माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेली वाट, किंवा भिंत वा इमारत चढून जाणे. तिसरी, घरमालकाला अभिप्रेत नसलेल्या रीतीने वाट उघडणे. दाराच्या छिद्रातून तार घालून कडी उचलणे हे याचे कायद्यातच दिलेले उदाहरण आहे. चौथी, कुलूप उघडणे. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडले, तरी ती घरफोडीच ठरते. पाचवी, मारहाण करून किंवा तशी धमकी देऊन आत शिरणे. सहावी, बंद करून ठेवलेली वाट मोकळी करून आत जाणे.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिली गेलेली ही यादी आजच्या सदनिकेलाही तंतोतंत लागू पडते. गृहस्थाने ती हातात घेऊन आपल्या घराभोवती एक फेरी मारावी. स्नानगृहाच्या काचपट्ट्या, सज्जाशेजारून जाणारा सांडपाण्याचा नळ, गच्चीचे कुलूप नसलेले दार, पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवलेली किल्ली यांपैकी आपल्याकडे काय आहे, हे दहा मिनिटांत ध्यानात येईल.

या गुन्ह्यांना शिक्षाही कठोर आहेत. राहत्या घरातील चोरीसाठी न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीसाठी कलम ३३१ अन्वये दहा वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु शिक्षा गुन्ह्यानंतर येते. प्रतिबंध हा आधीच करावा लागतो.

कुलूप काय करते ?

भारतात आधुनिक कुलपांच्या निर्मितीची सुरुवात ज्यांच्याकडून झाली, त्यांत अर्देशीर गोदरेज यांचे नाव अग्रगण्य आहे. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत लालबाग येथे कुलपांचा व्यवसाय सुरू केला. त्याआधीची इंग्लंडमधील एक हकीकत मात्र प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवावी अशी आहे. जोसेफ ब्रामा या कारागिराचे कुलूप लंडनमधील दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून अनेक वर्षे मांडून ठेवलेले होते. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते अखेर उघडले. पण त्यासाठी त्याला अनेक दिवसांत मिळून पन्नास तासांहून अधिक वेळ लागला. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. आणि पन्नास तास लागणारे कुलूप प्रत्यक्षात चोराला निरुपयोगी असते, कारण त्याच्यापाशी तेवढा वेळ नसतो. कुलूप चोराला थांबवीत नाही, उशीर करते. हा उशीर कोणाच्या तरी नजरेस पडला तरच घर वाचते.

याच तत्त्वाला अनुसरून नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांची दारे व खिडक्या घरफोडीला प्रतिकार करणारी असावीत, असा बांधकाम नियम करण्यात आला. पुढील अभ्यासात अशा नव्या घरांतील घरफोड्यांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. चोराचे काम काही मिनिटांनी लांबविणे एवढाच या नियमाचा हेतू होता.

आपल्याकडील अनुभव असा, की चोर बहुधा कुलपाशी झटत नाही. तो कोयंडा उचकटतो. हजार रुपयांचे कुलूप चार लहान स्क्रूंनी बसविलेल्या कोयंड्याला लटकविल्यास दाराचे बळ त्या चार स्क्रूंएवढेच राहते. यास्तव कडी-कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या नट-बोल्टने बसवावा. बाहेर लोंबणाऱ्या कुलपापेक्षा दाराच्या आत बसविलेले अनेक लिव्हरांचे कुलूप अधिक चांगले, कारण ते घर बंद असल्याची जाहिरात करीत नाही. केवळ ओढून लागणाऱ्या लॅचवर विसंबून बाहेर जाऊ नये. किल्ली फिरवून पूर्ण कुलूप लावावे. चौकट भिंतीत पक्की आहे ना, बिजागऱ्यांच्या खिळी बाहेरून काढता येत नाहीत ना, हेही पाहावे. घर नवे घेतले अथवा भाडेकरू बदलला, तर कुलूपही बदलावे.

आणखी एक युक्ती घरफोड्यांत वारंवार दिसून येते. बंद घर फोडण्यापूर्वी चोर शेजारच्या घरांच्या कड्या बाहेरून लावून घेतात. आवाज ऐकून शेजारी जागा झाला तरी तो बाहेर येऊ शकत नाही. दारांच्या बाहेरच्या बाजूची अनावश्यक कडी काढून टाकणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. असे घडलेच, तर खिडकीतून आरडाओरडा करून इतरांना सावध करावे आणि तत्काळ ११२ हा क्रमांक फिरवावा.

खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसविताना मात्र एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. सर्व बाजूंनी बंद केलेली जाळी आगीच्या वेळी घरातील माणसांनाच कोंडून घालते. प्रत्येक घरात निदान एका जाळीला आतून उघडणारी झडप असावी, तिची किल्ली ठरलेल्या जागी असावी आणि ती घरातील वृद्धांना व मुलांना ठाऊक असावी. चोराला बाहेर ठेवण्याच्या भरात स्वतःची सुटका अशक्य करून ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे.

आतून उघडले जाणारे दार

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुणे शहर एका भीषण हत्यासत्राने हादरून गेले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते ओळखले जाते. दहा जणांचा त्यात बळी गेला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवडा कारागृहात चौघा गुन्हेगारांना फाशी देण्यात आली. गुन्हेगार शहरातच शिकणारे विद्यार्थी होते. डिसेंबर १९७६ मध्ये भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात ते शिरले ते कुलूप तोडून नव्हे. घंटा वाजली आणि दार आतून उघडले गेले. त्यानंतर २६ ऑगस्ट १९९४ रोजी कोथरूडच्या तोंडाशी, पौड फाटा परिसरात, दोन बालकांसह एकाच घरातील सात जणांची लुटीच्या हेतूने हत्या झाली. त्या कुटुंबाच्या व्यवसायात पूर्वी काम केलेला, म्हणजे ओळखीचा, मनुष्य या गुन्ह्यात सामील होता.

अशा घटना विरळा आहेत. त्यांच्या भीतीने जगणे योग्य नव्हे. परंतु त्यांचा धडा स्पष्ट आहे. दार उघडण्यापूर्वी पाहणे आणि विचारणे हीच पहिली कडी होय. मुख्य दारापुढे जाळीचे दुसरे दार, दारातील भिंग आणि साखळी ही साधने यासाठी आहेत. वीज मंडळाचा मनुष्य, गॅसची तपासणी करणारा, वस्तू पोहोचविणारा असे सांगून कोणी आल्यास जाळीचे दार न उघडता ओळखपत्र पाहावे व शंका वाटल्यास संबंधित कार्यालयाकडे चौकशी करावी. तशी चौकशी करण्यात कोणाचाही अपमान नाही. दागिने उजळून देतो किंवा पोलीस असून पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून पुडीत ठेवा, असे सांगणाऱ्यांपासून विशेषतः ज्येष्ठ नागरिकांनी सावध राहावे. ज्यांची मुले परगावी वा परदेशी आहेत, अशा वृद्धांच्या घरी शेजाऱ्यांपैकी कोणी दिवसातून एकदा डोकावण्याचा परिपाठ ठेवणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे आहे.

घरकामासाठी माणूस ठेवताना किंवा जागा भाड्याने देताना ओळखीची कागदपत्रे घ्यावीत आणि आवश्यक ती माहिती पोलिसांना द्यावी. ही नोंद सर्वांच्या बाबतीत सारखी असावी. विशिष्ट जातीचा, प्रांताचा किंवा भाषेचा म्हणून एखाद्यावर संशय घेणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

रिकामे घर आणि भरलेला शेजार

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी हे घरे बंद राहण्याचे काळ. दारात साचलेली वर्तमानपत्रे, न उचललेली दुधाची पिशवी, दिवसाही जळत राहिलेला बाहेरचा दिवा आणि रोज दिसणारी पण एकाएकी नाहीशी झालेली रांगोळी या खुणा चोराला बरेच काही सांगतात. प्रवासात असतानाच त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे घर बंद असल्याची दवंडी पिटण्यासारखेच होय. गावाला जाण्यापूर्वी वर्तमानपत्र व दूध बंद करावे आणि विश्वासू शेजाऱ्याला परतण्याची तारीख व संपर्क क्रमांक देऊन ठेवावा. शेजाऱ्यानेही दाराशी एक फेरी मारावी, साचलेले कागद उचलावेत आणि संध्याकाळी दिवा लावावा.

या साध्या शेजारधर्माची परीक्षा इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात पद्धतशीरपणे घेण्यात आली. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा संभव अधिक असतो, असे तेथे आढळून आले. म्हणून अशा घराची कुलपे आधी मजबूत करण्यात आली आणि त्याच्या भोवतीच्या मोजक्या घरांना त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली. वसाहतीतील घरफोड्या त्यानंतर मोठ्या प्रमाणात घटल्या. साऱ्या वसाहतीवर सर्वांनी लक्ष ठेवावे असे म्हटले की कोणीच ठेवत नाही; पाच-सहा घरांचा गट ठरवून दिला की ते काम होते. गृहरचना संस्थांना हा धडा सहज गिरविता येईल. प्रत्येक मजल्याचा किंवा जिन्याचा एक गट, परस्परांचे दूरध्वनी क्रमांक आणि बंद घरांची रखवालदाराजवळ गुप्तपणे ठेवलेली नोंद एवढे पुरेसे आहे.

रखवालदार नेमताना त्याची पूर्वपडताळणी करावी, पण त्याला बसण्याची जागा, पुरेसा पगार आणि ठरलेली कामेही द्यावीत. मोटारी धुण्यात व सामान वाहण्यात ज्याची रात्र जाते, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करता येत नाही. सीसीटीव्ही कॅमेरा चोराला पकडीत नाही. तो नंतर साक्ष देतो. त्याचे घड्याळ बरोबर नसेल, चित्रण साठत नसेल किंवा प्रवेशद्वारी अंधार असेल, तर ती साक्ष व्यर्थ ठरते. कोणाच्या घराच्या अंतर्भागाकडे मात्र तो रोखलेला नसावा.

मौल्यवान वस्तूंची नोंद

रोजच्या वापरात नसलेले दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे श्रेयस्कर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या सूचनांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी या कारणांनी लॉकरमधील वस्तूंची हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतके ठरविण्यात आले आहे. अर्थात वस्तूंची किंमत याहून कितीतरी अधिक असू शकते. म्हणून विम्याचाही विचार करावा.

प्रत्येक कुटुंबाने दागिन्यांची छायाचित्रे, वजने व पावत्या यांची एक नोंद करून ती घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी. हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यांवर आता सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. तो टिपून ठेवावा. भ्रमणध्वनीचा आयएमईआय क्रमांक आणि दूरदर्शन संच, संगणक यांचे निर्मिती क्रमांकही नोंदवावेत. चोरीचा माल सापडूनही तो आपलाच असल्याचे सिद्ध करता न आल्याने मालकाला खेपा घालाव्या लागतात. एका वहीच्या पानाने हा त्रास वाचू शकतो.

चोरी झाल्यास

घरी परतल्यावर कुलूप तुटलेले दिसल्यास एकट्याने आत जाऊ नये. चोर आतच असू शकतो. बाहेर थांबून ११२ वर कळवावे. पोलीस येईपर्यंत कपाट, दाराची मूठ व विखुरलेले सामान यांना हात लावू नये. बोटांचे ठसे त्यावरच मिळतात. धनादेश पुस्तके वा कार्डे गेली असल्यास बँकेला तत्काळ कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमाने दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. खबरीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळविण्याची तरतूदही याच संहितेत आहे. सापडलेला माल खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यात पडून राहण्याची गरज नाही. पंचनामा व छायाचित्रे करून तो मालकाच्या ताब्यात देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे.

सावधपणा आणि संशय

कायद्याने प्रत्येकाला आपल्या देहाच्या व मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु रक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पकडलेल्या व निरुपाय झालेल्या मनुष्याला मारहाण करणे तर सरळ गुन्हाच आहे. येथे दोन घटनांचे स्मरण करणे भाग आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारहाण करण्यात आली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. मेलेल्यांपैकी कोणीही चोर नव्हता.

पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांची खरी कसोटी अशा प्रसंगी असते. गावात अफवा उठताच पोलीस पाटलांमार्फत ठाण्याकडे खात्री करून घेणे, खरी माहिती चावडीवर व शाळेत सांगणे आणि अनोळखी व्यक्ती आढळल्यास तिला सुरक्षित बसवून पोलिसांना बोलाविणे ही त्यांची जबाबदारी आहे. ग्रामरक्षक दलाची गस्त पोलिसांच्या माहितीने व मार्गदर्शनाखालीच असावी. अनेक गावांत एका दूरध्वनीने साऱ्या गावाला सावध करणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा राबविली जाते. तिचा उपयोगही चोरीइतकाच अफवा थोपविण्यासाठी करता येतो. ज्या ओळखीच्या अभावामुळे शहरात चोराचे फावते, त्याच अभावामुळे जमाव निरपराधाला चोर ठरवितो. दोहोंवर उपाय एकच, तो म्हणजे माणसांची माणसांना माहिती असणे.

कोथरूडमध्ये वाड्यांची ओसरी परत येणार नाही आणि खेड्यांतील जुनी राखणदारीही येऊ नये. परंतु दार पक्के करणे, नोंदी ठेवणे, कायदा जाणून घेणे आणि शेजारच्या चार घरांशी बोलणे या गोष्टी आजही प्रत्येकाच्या हातातील आहेत. पहिल्या कामाला सुतार लागेल, दुसऱ्याला एक वही आणि तिसऱ्याला थोडे वाचन. चौथ्यासाठी समोरचे दार एकदा वाजवावे लागेल. आणि त्याची सुरुवात आज संध्याकाळीच करता येईल.